उंबराखाली बॅटरी बसते

सूसहून निघताना किमयानं बॅटऱ्या स्वतःच्या हातानं पेटीत भरल्या. प्रत्येकीचं बटण दाबून पाहिलं, सगळे हिरवे ठिपके लागले. कॅमेरा असिस्टंटचं रोजचंच काम ते. पौड मागं पडलं, धरणाचं पाणी धुक्यात दिसेनासं झालं आणि ताम्हिणीच्या अलीकडच्या फाट्याला गाडी खाली उतरली. श्रावण संपत आला होता, पण त्या वाडीत पाऊस थांबला असं कुणी म्हणत नसे. फार तर बारीक झाला म्हणत.

सिनेमासाठी वाडीच्या कडेचं एक कुडाचं घर घेतलं होतं. घर फुलाबाईचं. आत सामान रचलेलं, म्हणून म्हातारी स्वतःच्याच दाराबाहेर गोणपाट पांघरून भिंतीला टेकली होती. युनिटमधल्या कुणी तिला साधी खुर्चीही दिली नव्हती. किमयाला ते खटकलं. तिनं आपलं स्टूल नेऊन दिलं.

“कॅमेरा कुटं लावनार?” म्हातारीनं विचारलं.

“सकाळी इथंच अंगणात, मावशी. दुपारी खाली ओढ्याकडं. उंबराखाली.”

 फुलाबाईनं गोणपाट कपाळावर आणखी पुढं ओढून घेतलं.

अंगणात कॅमेरा दुपारपर्यंत विनातक्रार चालला. मग तो उतारावरून खाली नेला. उंबराखाली भरदिवसा संध्याकाळ होती. ओढ्याचं पाणी काठ सोडून गवतात पसरलं होतं आणि कुजक्या पानांच्या वासात दुसरा एक वास मिसळला होता, रबर जळाल्यासारखा. किमयानं ट्रायपॉडवर कॅमेरा बसवला, बटण दाबलं, आणि कॅमेरा मेला. बंद पडण्याआधी क्षणभर पडद्यावर बॅटरी जवळजवळ पूर्ण दिसली होती.

तिनं बॅटरी बदलली. तीच गत. बॅटरी बसते ती जागा कोरड्या कापडानं पुसली, पितळी टोकं घासली, अख्खी प्लेट बदलली. मॉनिटर काढला, चित्र पाठवणारं बिनतारी यंत्र काढलं, म्हणजे वीज ओढणारं दुसरं काही उरू नये. कॅमेरा चालू व्हायचा, दोन श्वास चालायचा आणि बंद पडायचा. मग तिनं मीटर लावला. काटा उंबराखाली शून्याला टेकायचा. तीच बॅटरी अंगणात नेली की पूर्ण भरलेली. गारठ्यानं बॅटरी लवकर बसते हे तिला ठाऊक होतं, पण वीस पावलं वर नेल्यावर ती पुन्हा भरते असं तिनं कधी ऐकलं नव्हतं.

प्रोडक्शनचा रोहित छत्री घेऊन खाली आला.

“रात्री चार्जिंगला लावायला विसरलीस, सरळ सांग ना.”

“विसरले नाही. वर चला, मीटर दाखवते.”

“मीटर मला नको दाखवूस. सगळं युनिट तुझ्यामुळं खोळंबलंय. पुढच्या वेळी पोरींना कॅमेरा देतानाच विचार करायला हवा.”

किमयाच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. दहा वर्षं ती हे काम करत होती. पावसात, चिखलात, ताप अंगात असताना, एकदाही तिच्या हातून बॅटरी रिकामी निघाली नव्हती. आणि हा माणूस, ज्याला बॅटरी कुठल्या बाजूनं लागते हेही माहीत नव्हतं, चारचौघांत तिला हे ऐकवत होता.

“जनरेटरवरून केबल ओढा,” रोहित इलेक्ट्रिशियनला म्हणाला. “कॅमेरा थेट करंटवर चालवू.”

इलेक्ट्रिशियन हनुमंत भरे गावचा, कमी बोलणारा. त्यानं पाणथळ गवताकडं पाहिलं.

“सर, खाली पानी हाय. केबलच्या सांध्याला नुसती टेप हाय.”

“मागच्या वेळीही हेच रडगाणं होतं तुझं.”

“मागच्या वेळी म्हणजे?” किमयानं विचारलं.

हनुमंतानं मान खाली घातली. रोहित फोनकडं बघू लागला. उत्तर आलं ते वरून, उतारावरून. फुलाबाई काठी टेकत खाली आली होती.

“मागच्या येळंला वायर धराया माझा ल्योक काळू व्हता,” ती म्हणाली. “पान्यातून उचलून धर म्हनले. हितंच. ह्याच झाडाखाली ग्येला.”

 उंबरावरून थेंब पडत होते.

“मंग म्हनले, दारू पिऊन पडला. कागदावर बी तसंच लिवलं. माझ्या काळूनं कंदी तोंडाला लावली न्हाई.”

“गैरसमज आहे आजींचा,” रोहित पुटपुटला. “ते सगळं मिटलंय.”

“मिटलंय?” किमयाचा आवाज तिलाच ओळखू येईना. “माणूस गेला, त्याच्या नावावर दारू चढवलीत, आणि परत त्याच्याच आईचं घर घेऊन त्याच जागी तीच केबल टाकताय? मी जोडणार नाही. कुणीच हात लावायचा नाही तिला.”

“तुम्ही सगळे घाबरट आहात,” रोहित म्हणाला. हनुमंत दोन पावलं मागं सरला होता. रोहितनं वर हात करून जनरेटरवाल्याला खूण केली आणि केबलचं टोक कॅमेऱ्याकडं आणायला स्वतःच पाण्यातून निघाला.

रस्त्यावर जनरेटर घरघरला. अंगणातला मोठा दिवा लागला, धुकं पांढरं झालं, आणि रोहित केबल घेऊन उंबराखाली परतला तसा दिवा विझला. जनरेटर मात्र चालूच होता. उलट त्याचा आवाज जड झाला, खोल झाला, चढावर भरलेला ट्रक ओढावा तसा. कुणीतरी ती वीज ओढत होतं. कुठं, ते दिसत नव्हतं.

रोहित थांबला. त्याच्या मुठीत केबलचा सांधा होता. भिजलेली टेप सुटून मनगटावर लोंबत होती आणि बोटांमधून उघडी तांब्याची तार दिसत होती.

“टाक ती,” किमया हलकेच म्हणाली. “रोहित, टाक खाली...”

“सुटत नाहीये.” तो कुजबुजला. “माझी मूठ... कुणीतरी वरून धरलीये...”

“बंद कर रं जनरेटर,” हनुमंत वर ओरडला. जनरेटरवाल्यानं खटका पाडला. घरघर तशीच चालू राहिली.

रोहितच्या मुठीवर काहीच नव्हतं. पण बोटांची पेरं पांढरी पडत होती, बाहेरून दाबल्यासारखी. जळक्या रबराचा वास एवढा दाटला की किमयाच्या डोळ्यांत पाणी आलं. फुलाबाई पाण्याच्या कडेला उभी होती. तिचा चेहरा घाबरलेला नव्हता, रागावलेलाही नव्हता. कामावरून उशिरा आलेल्या पोराकडं आई बघते तशी ती रोहितच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडं बघत होती.

“सांग म्हनतोय त्यो,” ती म्हणाली.

“काय...” रोहितनं विचारलं.

“काय झालतं, त्ये.”

रोहितनं मूठ सोडवायला एकदा झटका दिला. 

“सांधा उघडा होता,” अखेर तो म्हणाला. “हनुमंतानं सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. काळूनं... दारू नव्हती घेतली. आम्ही नंतर त्याच्या अंगावर ओतली.”

हनुमंतानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. किमयानं तो शब्द मनात पुन्हा म्हटला. ओतली. मेलेल्या माणसाच्या अंगावर.

फुलाबाईनं डोळे मिटले, उघडले. क्षणभर किमयाला वाटलं, ही सोड म्हणणार नाही. आणि तिनं म्हणू नये असंही वाटलं. हे तिनं नंतर कुणाला सांगितलं नाही.

“सोड, बाळा,” म्हातारी म्हणाली. “त्याच्यासारखं व्हऊ नगं.”

जनरेटर बंद पडला. रोहित गुडघ्यांवर कोसळला, केबल पाण्यात पडली. त्या शांततेत किमयाच्या पाठीमागं बारीक टिक असा आवाज झाला. तिनं वळून पाहिलं. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा जळत होता. शून्य दाखवणाऱ्या बॅटरीवर तो रेकॉर्डिंग करत होता, आणि बराच वेळ करत होता.

ती त्याच संध्याकाळी फुलाबाईला आणि हनुमंताला गाडीत घालून पोलिसांकडं गेली. कॅमेऱ्यातल्या चित्रणात रोहितचे शब्द स्वच्छ ऐकू येत होते. तक्रार नोंदली गेली, हनुमंतानं जबाब दिला आणि काळूच्या कागदावरची दारू खोडून काढायचं काम सुरू झालं. फुलाबाईला तेवढंच हवं होतं. ती घरी परतली. त्या जागी पुन्हा कुणी शूटिंगला गेलं नाही.

पोलिसांना देण्याआधी किमयानं ते चित्रण एकदाच पूर्ण पाहिलं. रोहितच्या बोलण्याशी संपेल असं तिला वाटलं होतं. ते संपत नाही.

सोड म्हटल्यावर रोहित कोसळतो आणि धूसर होतो, कारण फोकस त्याच्यावरून सुटतो. फोकस सांभाळणं हे किमयाचंच काम, आणि तेव्हा तिचे हात कॅमेऱ्यापासून लांब होते. फोकस आधी रोहितच्या शेजारी थांबतो, मोकळ्या हवेत. तिथले पावसाचे थेंब एकेक स्पष्ट दिसतात. मग थेंबांची ती स्पष्ट ओळ पुढं सरकते, हळूहळू, चालणाऱ्या माणसाच्या गतीनं. गवत ओलांडून, केबल ओलांडून, किमयाच्या पाठीला घासून कॅमेऱ्याकडं. शेवटी फक्त भिंगावरचे थेंब स्पष्ट उरतात.

मग भिंगावर बाहेरून श्वासाची वाफ धरते. विरते. पुन्हा धरते.