माईंची शेवटची पेटी

बाई आत आल्या तेव्हा भाऊजी चहात बिस्कीट बुडवून बसले होते. बाईंचं पहिलं वाक्य ऐकता ऐकता अर्धं बिस्कीट कपाच्या तळाशी गेलं.

"माझ्या जावेनं चोरी केलीय," बाई म्हणाल्या. "तेवढं तुम्ही सिद्ध करून द्या."

"म्हणजे उत्तर तुम्ही घेऊनच आलात," वहिनी म्हणाल्या. "बसा. आता प्रश्न काय आहे ते सांगा."

ही खासगी चौकशीची कचेरी वहिनींच्या नवऱ्यानं थाटलेली. तो गेल्यावर सगळ्यांना वाटलं, आता दाराला कुलूप लागणार. वहिनी मात्र सरळ त्याच्या खुर्चीवर जाऊन बसल्या आणि धाकट्या दिराला, म्हणजे भाऊजींना, त्यांनी हाताशी घेतलं. भाऊजींचं काम म्हणजे पिशवी धरायची आणि दर वेळी भलत्याच माणसावर संशय घ्यायचा. भाऊजींनी बोट दाखवलं की तो माणूस सुटला, निदान एवढं तरी लवकर कळतं, असं वहिनी चारचौघांत सांगायच्या. भाऊजी त्यावर हसायचे, कारण ते खरंच होतं.

बाईंनी हकीकत सांगितली. त्या घरातली थोरली सून. घरात पुठ्ठ्याच्या कोऱ्या पेट्या आणि कोरी कार्डं सजवून भेटवस्तू म्हणून विकायचा उद्योग. तो सुरू केला सासूबाईंनी, माईंनी. थोरली आणि धाकटी, दोघी सुना त्यांच्याच हाताखाली तयार झाल्या. वर्षापूर्वी माईंना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, वाचाही गेली. झटक्याच्या आदल्या दिवशी त्यांच्या हातून जी पेटी झाली, ती त्यांच्या नातीसाठी, थोरलीच्या मुलीसाठी होती. पोरगी शिकून नोकरीला लागेल तेव्हा द्यायची म्हणून. तीच माईंची शेवटची पेटी. थोरलीनं ती काचेच्या कपाटात जपून ठेवली होती. मुलगी नोकरीसाठी उद्या संध्याकाळी दूरदेशी निघणार, आणि पेटी चार दिवसांपासून गायब.

"धाकटीला त्या पेटीची नक्षी उतरवायची होती. मी नाही म्हटलं. झालं, तिनं डाव साधला." थोरली पुढे वाकली. "ताई, पेटी मिळाली नाही तर आम्ही दोघी पुन्हा एका टेबलाशी बसणार नाही. वेगळं व्हायचं बोलणं निघालंय. बारा वर्षं मांडीला मांडी लावून काम केलंय हो आम्ही."

रागावून आलेली बाई डोळे पुसत उठली.

घर दुमजली होतं. खालच्या मोठ्या खोलीत कामाचं लांब टेबल, त्यावर रंगीत कागद, फिती, सुकवलेली पानं आणि कोऱ्या पेट्यांची चळत. टेबलाच्या एका टोकाला थोरली बसायची, दुसऱ्या टोकाला धाकटी. मधे पूर्वी दोघींच्या बांगड्या एकमेकींना लागायच्या, आता तिथे पुठ्ठ्यांची भिंत रचलेली होती. भाऊजींना ते पाहून उगीचच वाईट वाटलं.

कपाटाला कुलूप नव्हतंच. ज्या जागी पेटी होती तिथे धुळीत एक चौकोन उरला होता.

"पेटीत काय होतं?" वहिनींनी विचारलं.

"काही नाही. रिकामी."

"उघडून पाहिली होती?"

"माईंनी स्वतःच्या हातानं बंद केलेलं झाकण आम्ही कशाला उघडू?" थोरली जवळजवळ दुखावूनच म्हणाली. "माई रोज त्या कपाटाकडे डावा हात करायच्या. मी दर वेळी सांगायची, माई, आहे जागेवर, कोणी हात लावत नाही."

माईंच्या हाताला इजा होऊ नये म्हणून थोरलीनं कात्र्या, सुऱ्या, ब्रश, गोंद सगळं त्यांच्या खोलीतून काढून घेतलं होतं. डॉक्टरांनीही विश्रांतीच सांगितली होती. हे सांगताना ती पुन्हा पुन्हा साडीच्या पदराला पीळ देत होती.

धाकटीची पाळी आली. ती डावखुरी, बोलायला तिखट आणि रडून रडून नाक लाल झालेली. नक्षी मागितली हे तिनं लपवलं नाही. उलट तिचीच एक तक्रार होती. डावखुऱ्यांसाठीची खास कात्री घरात एकच, तिची. ती महिनाभर रोज दुपारी नाहीशी व्हायची आणि संध्याकाळी टेबलावर परत यायची, स्क्रूपाशी काहीतरी पांढरं वाळलेलं घेऊन. थोरलीला सांगितलं तर ती म्हणाली, नाटकं करू नकोस.

"आणि दाबाला ठेवायचं लोखंडी वजनही गेलंय," धाकटी म्हणाली. "पेट्या वाळेपर्यंत त्याच्याखाली ठेवतो आम्ही. तेही मीच पळवलं असेल. खाते ना मी लोखंड."

वहिनींनी हसू दाबलं आणि पेटी सजवायची रीत विचारली. धाकटी त्या विषयावर लगेच मवाळ झाली. आधी आतला कागद लावायचा, मग बाहेरचा, नाहीतर बाहेरच्या कामाला गोंदाचे डाग पडतात. दोघी तसंच करायच्या. फक्त माईंची तऱ्हा उलटी होती. त्या आधी बाहेरचं करायच्या आणि हात स्वच्छ धुऊन शेवटी आत वळायच्या. तळाचा कागद मात्र कोणालाच एकटीनं जमत नाही. दोन बाजूंनी दोघींनी ताणून धरायचा, नाहीतर फुगे येतात.

"ते आम्ही दोघी मिळून करायचो," ती म्हणाली.

पेट्या घेणारा दुकानदार पेटी गेली त्याच दिवशी घरी येऊन गेला होता, म्हणून वहिनी त्याच्या दुकानातही डोकावल्या. पेटी नमुना म्हणून मागितली होती, हे त्यानं मोकळेपणी कबूल केलं. झाकणाला नुसता हात लावला तर थोरल्या बाईंनी फक्त चापट मारायचं बाकी ठेवलं, म्हणाला. परतताना भाऊजींनी त्याच्या मोठ्या पिशवीबद्दल गहन शंका व्यक्त केली. वहिनींनी समाधानानं मान हलवली आणि दुकानदाराला यादीतून काढून टाकलं.

उरले सासरे, दादा. ते माईंच्या खोलीबाहेर खुर्ची टाकून बसलेले. दुपारी माईंना झोप लागते म्हणून तेव्हा ते कोणाला आत सोडत नसत. ऐकायला कमी येतं, अशी घरात त्यांची ख्याती.

"दादा, पेटी शेवटची कधी पाहिलीत?" वहिनींनी विचारलं.

"काय?"

वहिनींनी प्रश्न मोठ्यानं केला. मग आणखी मोठ्यानं. रस्त्यावरचा एक माणूस थबकून खिडकीकडे बघायला लागला, पण दादांना काही ऐकू येईना. तेवढ्यात बंद दाराआड नखानं लाकडावर टकटक केल्यासारखं झालं. भाऊजींना तो निव्वळ भास वाटला. दादा मात्र तात्काळ उठले आणि आत गेले.

त्यांच्या खुर्चीशेजारी स्टुलावर पेजेचा वाडगा होता. दादा माईंसाठी रोज दुपारी स्वतः पेज करत, कोणाला करू देत नसत. भाऊजींना सकाळच्या त्या अर्ध्या बिस्किटानंतर काही मिळालेलं नव्हतं. इकडेतिकडे बघून त्यांनी बोटानं वाडग्यातलं थोडं चाखलं आणि त्यांचा चेहरा कसनुसा झाला.

"कशी आहे?" वहिनींनी मागून विचारलं.

"मीठ नाही, साखर नाही," भाऊजी ओठ एकमेकांपासून सोडवत म्हणाले. "बिचाऱ्या माई. वर्षभर हे खातायत."

वहिनी परत कामाच्या खोलीत गेल्या आणि टेबलाखालचं कातरणांचं पोतं त्यांनी ओढून बाहेर काढलं. घरातली सगळी कातरणं त्यातच पडायची. वहिनींनी ते जमिनीवर हळूच ओतलं, तळाचं एकीकडे, वरचं दुसरीकडे. भाऊजी गुडघे धरत शेजारी बसले.

जावांची कातरणं धारदार, सरळ होती. पण त्यांत काही वेगळी होती. तळाकडची वेडीवाकडी, उंदरानं कुरतडल्यासारखी. मधली जरा बरी. वरची जवळपास सरळ, किंचित थरथरलेली. अशा प्रत्येक तुकड्याच्या कडेला तांबूस गंजाची गोल खूण होती.

भाऊजींनी बराच वेळ विचार केला. "धाकटीच," ते शेवटी म्हणाले. "मुद्दाम वाकडं कापून आपल्याला चकवतेय."

"सुटली बिचारी," वहिनी म्हणाल्या आणि उठून माईंच्या खोलीकडे गेल्या.

दार त्यांनी हलकेच वाजवलं. आत फक्त त्या गेल्या. भाऊजी बाहेर उभे राहिले. आतून कितीतरी वेळ वहिनींचाच हळू आवाज येत होता, आणि तेवढ्या हळू आवाजाला दादा व्यवस्थित उत्तरं देत होते. वहिनी बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या पापण्या ओल्या होत्या.

"परवानगी मिळाली," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना बोलवा. नातीलाही."

परवानगी घेऊन उलगडा करायची ही पहिलीच वेळ. भाऊजी मुकाट्यानं सगळ्यांना बोलवायला गेले.

कामाच्या टेबलाशी सगळे जमले. थोरली एका टोकाला, धाकटी दुसऱ्या टोकाला, सामान बांधता बांधता आलेली नात मधे. वहिनींनी आधी मधली पुठ्ठ्यांची भिंत उचलून खाली ठेवली.

"कात्रीपासून सुरुवात करू," त्या म्हणाल्या. "डावखुऱ्यांची कात्री महिनाभर रोज कोणीतरी नेत होतं. धाकटीला स्वतःची कात्री लपूनछपून न्यायचं कारण नाही. म्हणजे या घरात आणखी कोणीतरी डाव्या हातानं कापतंय. आणि हा हात नवा आहे. पोत्यात तळाला वाकडी कातरणं, वर सरळ. महिनाभरात कोणीतरी कापायला शिकलं."

"इथे सगळ्यांना येतं कापता," थोरली म्हणाली.

"तेच तर. मग शिकावं कोणाला लागेल? आता ही गंजाची खूण बघा. तुम्ही कापताना कागद दुसऱ्या हातानं धरता. या माणसानं तो टेबलाच्या कडेशी ठेवून वर वजन ठेवलंय. कारण धरायला दुसरा हातच नाही."

धाकटीनं तोंडावर हात नेला.

"भाऊजींनी आज जी पेज खाल्ली, ती पेज नव्हती. पिठाची खळ होती. कात्रीला लागायचं पांढरं तेच. बाजारचा गोंद तुम्ही माईंच्या खोलीतून काढून नेलात, म्हणून दादा रोज खळ शिजवत होते. आणि दादांचे कान चांगले आहेत. माईंच्या नखाचा आवाज ज्यांना दाराआडून येतो, त्यांना माझा प्रश्न ऐकू येत नाही?"

भाऊजी नकळत जिभेनं दात चाचपत होते.

"पण स्वतःचीच पेटी माई का नेतील?" थोरली म्हणाली. "आम्ही देणारच होतो ना हिला."

"तुम्ही अर्धी पेटी देणार होतात," वहिनी मऊपणे म्हणाल्या. "तुमच्या हातची पेटी बाहेरून सजली की पूर्ण झालेली असते, कारण तुम्ही आत आधी करता. म्हणून हीदेखील पूर्ण आहे असं तुम्ही धरून चाललात. माई आत शेवटी करतात. झटका आला तेव्हा बाहेरचं झालं होतं, आत कोरा पुठ्ठा होता. माई वर्षभर कपाटाकडे हात करून तेच सांगत होत्या. तुम्ही मानानं झाकण बंद ठेवलंत. दुसऱ्या कोणी उघडलंही असतं, पण तुमचं प्रेम जरा जास्तच."

थोरली खुर्चीत मटकन बसली. आपण माईंच्या हातातून काय काय काढून घेतलं, ते तिला एकदम दिसलं असावं. ती हमसून रडायला लागली.

दार उघडलं. दादांच्या आधारानं माई एकेक पाऊल टाकत आल्या. दादांच्या काखेत पेटी होती.

"मला आधीच सांगायचं होतं," दादा म्हणाले. "हिनंच नाही म्हणून मान हलवली. पोरांसारखं वेडंवाकडं कापताना हिला कोणी बघायला नको होतं. तुम्ही दोघी भांडलात तेव्हा मात्र माझा जीव वर-खाली होत होता."

माईंना खुर्चीत बसवलं. त्यांनी पेटी नातीपुढे सरकवली. बाहेरचं काम नजर ठरणार नाही इतकं रेखीव होतं. नातीनं झाकण काढलं. आतल्या चारही भिंतींना पिवळा कागद लावलेला, कडा कुठे चढलेल्या, कुठे उतरलेल्या, एका कोपऱ्यात खळीचं बोट उमटलेलं.

नातीनं त्या बोटाच्या खुणेवर आपलं बोट ठेवलं. "बाहेरचं लोकांना दाखवीन," ती म्हणाली. "हे फक्त माझं, आजी."

पण तळ अजून उघडा होता. माईंनी मापात कापलेला कागद डाव्या हातानं पुढे केला. आधी थोरलीकडे बघितलं, मग धाकटीकडे. वर्षभर कपाटाकडे केलेला हात कोणाला कळला नव्हता, ही नजर मात्र दोघींना कळली.

दोघी उठून आल्या. दादांनी वाडगा आणला, माईंनी खळ लावली. थोरलीनं एक बाजू धरली, धाकटीनं दुसरी. "ढील देऊ नकोस," धाकटी पुटपुटली. "तू ओढू नकोस," थोरली नाक ओढत म्हणाली. कागद तळाशी बसला तेव्हा दोघींच्या बांगड्या एकमेकींना लागल्या. माईंनी तळवा फिरवून पाहिला. एकही फुगा नव्हता.

थोरलीनं पदरानं धाकटीच्या कात्रीचा स्क्रू पुसला आणि ती माईंच्या डाव्या हाताशी ठेवली.

धाकटीनं कात्रीकडे पाहिलं. "आज असू दे," ती म्हणाली. "उद्या हिला गाडीत बसवून परत येताना दुसरी घेऊ. माईंना त्यांची स्वतःची हवी."

माईंनी चळतीतली एक कोरी पेटी डाव्या हातानं आपल्याकडे ओढून घेतली.