बुडाची गाठ

ती काठी आधी भिंतीला टेकवून ठेव. कुणाच्या तरी डोळ्यात जाईल. आणि दिवा राहू दे बंद, रस्त्यावरचा पुरतो. पहाटे तळ्यावर जायचं म्हणून तुम्ही सगळे रात्रभर टकाटका जागणार. मासे मात्र झोप काढून ताजेतवाने येणार.

बघू, कुठला दोर घेतलास? अरे देवा. एवढ्याशा काठीला हा एवढा जाड दोर? नाकापेक्षा मोती जड. काठी घ्यायची ती वाकणारी. माशाची निम्मी ओढ काठीनंच खाल्ली पाहिजे, म्हणजे उरलेली दोराला झेपते. आणि गाठ आवळताना थुंकी लावलीस का? हसतेस काय गं? कोरडी गाठ आवळली की घासून भाजते, आणि ऐन वेळी तिथंच दगा देते. थुंकी फुकट मिळते, लावावी.

ते जाऊ दे. मला बुडाची गाठ दाखव. गळाची नव्हे रे, गळाची गाठ सगळेच बघतात. दोराचं दुसरं टोक रिळाच्या तळाशी बांधलेलं असतं ना, ती. वर सगळा दोर गुंडाळला की ती कुणाला दिसत नाही. कुणी बांधली? दुकानदारानं? पक्की की कच्ची? माहीत नाही. शाब्बास.

मग ऐका. आणि मधेमधे ‘खरं का काका?’ असं विचारायचं नाही. ज्यांच्या बाबतीत घडलं ते अजून रोज दुकानात बसतात. उद्या जाऊन विचारा. सांगणार नाहीत, तो भाग वेगळा.

गळवाले माझे जुने मित्र. गळ, काठ्या, दोर विकतात म्हणून सगळे गळवाले म्हणतात. खरं नाव बहुधा त्यांच्या बायकोलाही आठवावं लागत असेल. दुकान वडिलांचं. वडिलांनी धंद्याचं सगळं हळूहळू शिकवलं, पण एक नियम पहिल्याच दिवशी घालून दिला: बुडाची गाठ कच्ची बांधायची. मोठा मासा लागला, सगळा दोर ओढून घेऊन गेला, तर शेवटी ती गाठ सुटलीच पाहिजे. दोर जाऊ दे, मासा जाऊ दे, माणूस काठावर राहिला पाहिजे. गळवाल्यांनी एकदा विचारलं, असं का? वडील म्हणाले, ‘विचारू नकोस. बांध.’ त्या काळी बापाला तेच पुन्हा विचारायची पद्धत नव्हती. तुमच्यासारखं नाही.

आता ह्यांचा जावई. चष्म्याचं दुकान आहे त्याचं. मुलगा गुणी आहे, पण जावई म्हणजे दहावा ग्रह, आणि ह्या ग्रहाला मासे धरायचं वेड. आदल्या वर्षी त्याला एक दांडगा मासा लागला, दोर संपला, आणि गाठ सुटली. सुटणारच, तिचं कामच ते. पण ह्यानं जेवताना चार पाहुण्यांसमोर सांगितलं, ‘आमच्या सासऱ्यांनी बांधलेल्या गाठी सुटतात बरं का!’ सगळे हसले. लेकही हसली. गळवाल्यांना ते फार लागलं. माणूस कशावरूनही चिडवून घेईल, पण आपल्या हातच्या कामावरून नाही.

म्हणून पुढच्या खेपेला जावयाला नवीन रीळ भरून देताना त्यांनी दुकानातला सगळ्यात चिवट दोर काढला आणि बुडाची गाठ पक्की बांधली. एकावर एक दोन वेढे, वरून गोंदाचा थेंब. फुंकर घालून वाळवली. ‘आता ही सुटली तर नाव बदलीन,’ म्हणाले. मी समोरच चहा पीत बसलो होतो. मी म्हटलं, तुमचं नाव आधीच बदललंय. हसलो दोघं.

गेल्या डिसेंबरातला तिसरा शनिवार. चंद्र नव्हता. लेक-जावई गळवाल्यांकडेच मुक्कामाला आलेले, लेकीला सातवा महिना. जावई जेवून, नवं रीळ काठीला लावून तळ्यावर गेला. घर झोपलं. गळवाल्यांना मात्र झोप येईना. या कुशीवरून त्या कुशीवर. उठून पाणी प्यायले. दाराची कडी बघितली. परत आडवे झाले. काहीतरी राहिलंय, असं वाटतं बघा कधी कधी, आणि काय राहिलंय ते आठवत नाही. तसं.

सव्वाअकराला ते ताडकन उठून बसले.

जावयाला काठावर बसल्याबसल्या डुलक्या काढायची सवय. झोपेत काठी पाण्यात जाऊ नये म्हणून तो काठीच्या मुठीला एक पट्टा लावतो आणि तो पट्टा मनगटाला बांधून बसतो. हे गळवाल्यांना माहीत होतं. घरात सगळ्यांना माहीत होतं, त्यावरून त्याची थट्टाही व्हायची. पण त्या रात्री अंथरुणात बसून त्यांनी ते पहिल्यांदा ओळीनं जुळवलं. मनगट काठीला बांधलेलं. काठीला रीळ. रिळाला दोर. दोर तुटणार नाही. गाठ सुटणार नाही.

मग सुटणार काय?

फोन लावला. बंद. उजेडानं मासे बुजतात म्हणून हा तिथं फोन बंदच ठेवतो. गळवाल्यांनी कपडे चढवले, दुकानाची छोटी कात्री खिशात टाकली. तेवढ्यात बायकोला जाग आली.

‘कुठं निघालात?’

‘एक गाठ सोडून येतो.’

‘आत्ता? सकाळपर्यंत ती कुठं पळून जातेय?’

‘तू झोप. पोरीला उठवू नकोस.’

एवढंच काम होतं. जायचं, जावयाचं रीळ मोकळं करायचं, गाठ कापायची, कच्ची बांधायची, त्याची चार बोलणी खायची, परत यायचं. स्कूटरवर बसल्यावर त्यांना आपलंच हसू आलं. म्हातारपणी हे काय सुचतंय, असं वाटलं. तळ्याच्या बांधापाशी साखळी लावलेली असते. स्कूटर तिथं लावली आणि चालत निघाले. बांधाच्या आतल्या अंगाला उतरते दगड आहेत ना, शेवाळलेले? उद्या तिथं जपून. तिथं.

कोण उठलं? दार वाजलं? वारा आहे. बस खाली.

थोडं पुढं गेल्यावर दगडांवर कुणीतरी बसलेलं दिसलं. पाठमोरं.

‘जावईबापू!’ गळवाल्यांनी हाक मारली.

डुलकी लागली असेल, म्हणून ते खाली उतरले. एक एक दगड धरत. जवळ गेल्यावर कळलं, हा जावई नव्हे. काठीही त्याची नव्हे. जुनी, बांबूची. पण वाकलेली. पार पाण्यापर्यंत. दोर ताठ ताणलेला. रीळ मोकळं, सगळा दोर बाहेर गेलेला. एवढा मोठा मासा लागलाय... आणि माणूस हलत नाही. ओरडत नाही. नुसता बसलाय.

‘लागलाय वाटतं मोठा,’ गळवाले म्हणाले. काहीतरी बोलायचं म्हणून.

‘गळवाले का?’

मान वळवली नाही त्यानं. गळवाल्यांना वाटलं, असेल कुणी गिऱ्हाईक.

‘हो. मीच.’

‘बरं झालं आलात... ही गाठ तेवढी सोडता का?’

त्यांनी मोबाइलचा उजेड रिळावर टाकला. रिकाम्या रिळावर एकच गाठ. दोन वेढ्यांची. पक्की. उजेड थोडा सरकला. काठी मनगटाला दोरीनं बांधलेली. दोरी मनगटात रुतलेली... खोल. रक्त नाही. आणि त्या माणसाच्या कपड्यांतून पाणी निथळत होतं. पाऊस नव्हता. काही नव्हतं. पाणी निथळत होतं, थांबत नव्हतं.

‘कुणी बांधून दिली ही?’ गळवाल्यांनी विचारलं.

‘तुमच्या वडिलांनी.’

वडिलांना जाऊन वीस वर्षं झाली होती.

‘ते कच्चीच बांधत होते,’ तो म्हणाला. ‘मीच म्हणालो... पक्की बांधा.’

...

वडिलांनी ‘विचारू नकोस’ का म्हटलं होतं, ते गळवाल्यांना तिथं, त्या दगडावर कळलं.

त्यांनी कात्री काढली. मला सांगताना ते अजूनही इथं थांबतात. म्हणतात, ‘मी कापणार होतो हो. अगदी शपथेवर सांगतो.’ पण हात पुढं जाईना. त्या माणसानं रीळ त्यांच्याकडे सरकवलं. थोडंसंच. नीट दिसावं म्हणून. आणि गळवाल्यांच्या हातून कात्री निसटली. दगडावर खण्ण. मग पाण्यात.

त्या माणसानं रीळ परत आपल्याकडे ओढून घेतलं.

‘राहू दे,’ म्हणाला.

तेवढ्यात पलीकडून आवाज आला. ‘अरे कुणी आहे का! धरा!’

जावई.

गळवाले कसे पळाले, त्यांना आठवत नाही. पुढच्या वळणाला जावई पाण्यात. कमरेपर्यंत. हात पुढं ताणलेला. टाचा शेवाळावरून घसरताहेत. काठी वाकलेली. दोर संपलेला. पाण्यात काय होतं, देव जाणे. ओढत होतं. थांबत नव्हतं.

गळवाल्यांनी मागून त्याची कंबर धरली.

‘पट्टा सोड!’

‘सुटत नाही! आवळलाय!’

कात्री नाही. चाकू नाही. एक पाऊल खाली. पाणी छातीला. अजून एक. गळवाले रडायला लागले. वयस्क माणूस, लहान पोरासारखा. ‘मी बांधली रे,’ म्हणत होते, ‘मीच बांधली.’ डोळ्यांसमोर लेक. घरी झोपलेली. तिला सकाळी काय सांगायचं? अजून एक पाऊल. पाणी जावयाच्या गळ्याला...

आणि ओढ थांबली.

एकदम. काहीतरी तुटल्याचा आवाज नाही. झटका नाही. कुणीतरी हातातून सोडून द्यावं, तशी.

दोघे धडपडत मागं येऊन दगडांवर पडले. कितीतरी वेळ नुसते धापा टाकत होते. मग जावयानं त्यांच्याकडे बघितलं.

‘बाबा... तुम्ही माझ्या पुढं कधी गेलात?’

‘पुढं? मी मागं होतो. तुझी कंबर धरून.’

‘नाही... पुढं. पाण्यात. रिळापाशी बोटं चालत होती. मला लागत होती ती. थंडगार.’ तो थांबला. ‘घाई नव्हती त्यांना... मला वाटलं, तुम्हीच.’

गळवाल्यांनी त्याच्या मनगटाचा पट्टा सोडवला.

परत येताना ते त्या आधीच्या जागी थांबले. तिथं कुणी नव्हतं. त्यांनी उजेड टाकून बघितलं, एकदा हाकही मारली. काय म्हणून मारणार? नाव कुठं माहीत होतं. ‘अहो,’ एवढंच म्हणाले.

आता ते दर शनिवारी जातात. जेवण झालं की नवी कात्री घेऊन त्या दगडावर जाऊन बसतात. बायको आधी चिडायची, आता नुसता स्वेटर हातात देते. ह्या वेळी हात मागं घेणार नाही, म्हणतात. मी दोनदा बरोबर गेलो होतो. थंडी लागते, डास चावतात, बाकी काही नाही. तो येत नाही. आपण ज्याचं काम केलं नाही, त्यानं आपलं काम करून जावं, हे माणसाला फार बोचतं रे. रागावला असता तर बरं वाटलं असतं त्यांना.

नात झाली. छान आहे, आजोबांच्या मिशा ओढते.

रीळ? हो, सांगतो. त्या रात्री घरी आल्यावर स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली त्यांनी ते बघितलं. दोर सगळा गेलेला. गळवाल्यांनी बांधलेली गाठ गेलेली, गोंदाचा ठिपकासुद्धा नाही. आणि तिच्या जागी दुसरी एक गाठ होती. वीतभर जुनाट सुती दोरा, पिवळा पडलेला. असा दोरा वडिलांच्या काळी मिळायचा म्हणतात, गळवाल्यांनी स्वतः तो कधी विकला नाही. गाठ कच्ची. बोटानं ओढली की सुटेल अशी.

ती कुणी ओढून बघितली नाही अजून. लेकीनं रीळ खिडकीत ठेवलं, दोरा वाळू दे म्हणून. थंडी गेली. सगळा उन्हाळा त्या खिडकीवरून गेला. परवा मी बसायला गेलो होतो, तेव्हा कुणाचं लक्ष नाही असं बघून हळूच बोट लावलं.

ओली आहे.