टाकीला बांधलेली पिशवी

"अहो मास्तर, टाकीला रेनकोट घातलाय काय?"

रुचिताने ओटीवरून विचारलं, तसा पावसात उभा असलेला तो मुलगा ओशाळून हसला. वैशाखरे गावात आमच्या घरासमोरच त्याची जुनी मोटारसायकल बंद पडली होती. किक मारून मारून बिचारा दमला होता. नाव स्वरूप. राहायला धसईला आणि मास्तरकी घाटाच्या पायथ्याच्या शाळेत.

रुचिता माझी भाची. आमचे हे गेल्यावर मी भावाकडे, गणूकडे आले, ती त्यांचा पान्यांचा डबा घेऊन. ह्यांचं गाडी दुरुस्तीचं काम ती लहानपणापासून आमच्याकडे सुट्टीला येऊन बघून बघून शिकलेली.

"पेट्रोलमध्ये पाणी जाऊ नये म्हणून पिशवी बांधली," तो म्हणाला.

"पाणी नाय जात, पण हवा पण नाय जात. झाकणाचं बारीक भोक बुजलं, मग पेट्रोल खाली उतरणार कसं?"

तिने पिशवी सोडली, झाकण उघडलं. फुस्स! जरा वेळाने मारलेल्या दुसऱ्याच किकला गाडी सुरू झाली. रुचिताने हातांना खोबरेल तेल लावलं, वर चिमूटभर साखर घेतली आणि चोळून काळं काढलं. तो बघतच राहिला... हातांकडे की तिच्याकडे, ते मी विचारलं नाही.

मग दर शनिवारी अर्धी शाळा सुटली की गाडी आमच्याच दारात बिघडायची. कधी चेन सैल, कधी ब्रेक घट्ट.

"सारखे इथेच येणार काय?"

"आलो तर... चालणार नाही?"

रुचिताने मान खाली घातली. पाना मात्र त्याच्याच हातात ठेवला. "आधी प्लग काढून दाखवा. काजळी धरली की अशी घासायची. चेनला आठवड्याला तेल. रस्त्यात अडलात तर मी काय उडत येऊ?"

गणूला सगळं दिसत होतं. "पोरगा चांगला हाय, अक्का," तो मला म्हणाला, "पण गाडी अडली की आपल्या पोरीच्या तोंडाकडे बघत बसतो. संसार अडला तर?" आणि त्याने भिवंडीच्या स्थळाला रविवारी दुपारी यायला सांगून टाकलं.

शनिवारी रुचिता स्वरूपला म्हणाली, "उद्या अकराच्या आत या. बाबांना तुम्हीच विचारा. नाही आलात तर... मी पाहुण्यांना पोहे देणार."

रविवारी अकरा वाजले. साडेअकरा झाले. त्याचा फोन लागेना. पोहे भिजवलेले, ट्रेमध्ये साखरेची वाटी, नवे कप. रुचिता खांबाला टेकून उभी.

"आत्या, नाय येत तो."

एके काळी मीही अशीच कान लावून उभी राहायचे. ह्यांची गाडी वळणावर असतानाच मला कळायची. कान अजून तसेच आहेत.

"ऐक," मी म्हटलं.

पावसातून आवाज आला. आधी अडखळत, मग सलग. गाडी दारात थांबली. स्वरूप मनगटापर्यंत काळा, नाकावरही एक काळा पट्टा.

"काका, उशीर झाला. टोकावड्याच्या अलीकडे बंद पडली. पिशवी नव्हती बांधली हां! प्लगला काजळी होती."

"मग? मेकॅनिक मिळाला?" गणूने विचारलं.

"नाही... मीच केलं. पाना आता जवळ असतो." त्याने गाडीची चावी काढली. "काका, मला रुचिता आवडते. तिच्यासाठी विचारायला आलोय."

गणू त्याच्या हातांकडे बराच वेळ बघत राहिला. मग रुचिताकडे वळला. "तुला गो?"

तिने नुसती मान हलवली. डोळे भरलेले.

"मग भिवंडीवाले निघायच्या आधी फोन करतो," असं म्हणून त्याने खिशातून मोबाइल काढला.

"आत या. पण कपाला हात नका लावू," रुचिता म्हणाली. तिने त्याच्या तळव्यांवर तेल ओतलं आणि पाहुण्यांसाठी ठेवलेली साखरेची अख्खी वाटी वर रिकामी केली.

"एवढी?" तो पुटपुटला.

"गप बसा हो..." ती म्हणाली, आणि बापासमोरच त्याचे हात चोळू लागली.

चहा आम्ही बिनसाखरेचा प्यायलो.