दलसिंगचा रिपोर्ट

खांडबाऱ्याच्या स्टेशनरोडवर काजलची लॅब आहे. एक सूक्ष्मदर्शक, एक जुना फ्रिज आणि बाकावर चुळबुळणारी माणसं, एवढाच पसारा. दर तीन महिन्यांनी मंगळवारी पाऱ्याच्या शेडवरचे चौघे रक्त द्यायला यायचे. दवाखान्यांनी मोडीत काढलेली बीपीची यंत्रं ते तिथे फोडत, पारा कापडातून पिळून गाळत, आणि उरलेला मळका पारा भट्टीवर उकळत. त्या वाफेला ना रंग ना वास. ती छातीत जाते आणि तिथून रक्तात उतरते, हे काजलला पुरतं ठाऊक होतं. चौघांचंही हिमोग्लोबिन दर खेपेला थोडं थोडं खाली येत होतं.

चौघांत तिचा धाकटा भाऊ भाग्येश होता.

दुसरा दलसिंग, धडगावकडचा, काजलला अदबीने 'मॅडम' म्हणणारा. सिकलसेलचं लाल कार्ड कायम त्याच्या खिशात असे. जन्माचा आजार. दिवाळीनंतर दलसिंग गेला. त्याच्या शेवटच्या रिपोर्टवर काजलने शेरा मारला होता, 'सिकलसेलमुळे रक्तक्षय'. पाऱ्याचं नाव काढलं असतं तर शेडला टाळं लागलं असतं, आणि भाग्येशची सोयरीक तर नोकरी बघूनच जुळलेली. सगळं खापर लाल कार्डावर फोडून ती मोकळी झाली. तिला त्याची लाज वाटे. पण भावाचं लग्न एकदाचं पार पडू दे, मग बघू, अशी ती स्वतःची समजूत घाले.

संक्रांतीनंतर उरलेले तिघे आले. पन्नाशी उलटलेल्या नथ्थूआप्पांच्या रक्ताची काच तिने सूक्ष्मदर्शकाखाली धरली. पेशी विळ्यासारख्या वाकलेल्या होत्या.

सिकल आईबापांकडून येतो, म्हातारपणी अंगात शिरत नाही. नळ्यांची अदलाबदल झाली असणार म्हणून तिने पुन्हा रक्त घेतलं. पुन्हा तेच. चौघांतला उरलेला इंद्रसिंग, त्याचंही तेच. तिने दोन्ही नळ्या नंदुरबारच्या मोठ्या लॅबला पाठवल्या.

तिथून फोन आला. "अहो, एकाच माणसाचं रक्त दोन नावांनी कशाला पाठवलंत? आकडे दशांशापर्यंत एकच आहेत."

काजलने कपाटातून दलसिंगचा रिपोर्ट काढला आणि ते आकडे शेजारी मांडले. तेही तेच होते.

भाग्येशची काच मात्र स्वच्छ होती. त्या संध्याकाळी तिने त्याला अंगणात गाठलं.

"आजपाईन तठे जावानं नही."

"आते काम सोडं ते लगीन मोडी जाई, ताई. फागुनपर्यंत दम धर."

"दलसिंगना रिपोर्ट मी खोटा लिखा. माले भ्याव वाटी ऱ्हायना."

"तो गया ना आते. ऱ्हाऊ दे."

फाल्गुन लागला. लग्नाला आठ दिवस उरले असताना, सासरच्यांना कळू न देता, भाग्येशने शेड सोडली. काजलच्या जिवाचा घोर मिटला. खात्री करावी म्हणून तिने त्याला लॅबवर बोलावलं, बोट टोचलं, काच तयार केली. ती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवणार, तोच दारात दलसिंगची आई, फुलीबाई, उभी राहिली. तिला पोराचा रिपोर्ट हवा होता.

काजल खुर्चीत बसली. जुना शेरा खोडून तिने त्या जागी 'पाऱ्याची वाफ' असं लिहिलं, सही केली आणि कागद पुढे केला.

फुलीबाईला वाचता येत नव्हतं. तिने घडी करून तो पिशवीत टाकला. मग तिची नजर बाकावर बोटाला कापूस धरून बसलेल्या भाग्येशकडे गेली.

तिने पावरीत, धडगावकडच्या त्यांच्या बोलीत, काहीतरी विचारलं. जेवलास का, असं विचारावं त्या सुरात.

भाग्येशला पावरीतला एकही शब्द येत नव्हता.

त्याने पावरीतच उत्तर दिलं. पोटच्या पोराने द्यावं तसं, जरा वैतागून.

फुलीबाईला नवल वाटलं नाही. तिने पिशवी त्याच्या हाती दिली. दोघं धडगावच्या बसकडे चालू लागले.

"भाग्या," काजलने हाक मारली. तो थांबला नाही.

तिने धावत जाऊन त्याचा दंड धरला.

त्याने वळून पाहिलं, आणि अदबीने हात सोडवून घेतला.

"काय झालं, मॅडम?"