तारा आवळल्या, दार अडकलं

"पाणी घेतलं, बिस्किटं घेतली, आता निघायचं कधी?"

भिंगरीने हे सकाळपासून इतक्यांदा विचारलं होतं की काकांनी उत्तर देणंच सोडून दिलं होतं. आज होडीतून दीपस्तंभाला वळसा घालून यायचं होतं. उद्या सुट्टी संपणार होती आणि सुट्टीभर तिने याच दिवसाचा ध्यास घेतला होता. तिचा पाय एका जागी ठरत नव्हता.

काका मात्र त्यांच्या जुन्या शिडाच्या होडीवर पाना घेऊन बसले होते. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी ताणून धरणाऱ्या तारा पुन्हा ढिल्या पडल्या होत्या.

"परवाच आवळल्यात ना?" चुलतभावाने विचारलं. जगातलं सगळं आपल्याला कळतं असं त्याला वाटायचं, म्हणून त्याला सगळे पंडित म्हणत.

"म्हातारी होडी आहे बाबा, तारा सैलावणारच," असं म्हणत काकांनी जोर लावून पेच आणखी फिरवले.

इतक्यात खालून धडाधड आवाज आला. भिंगरीचा धाकटा भाऊ बोका केबिनच्या संडासात अडकला होता.

"मी कडी लावलीच नाहीये," तो आतून रडकुंडीला येऊन सांगत होता. "दार आपोआप घट्ट झालंय."

पंडितने दार ओढून पाहिलं, भिंगरीने लाथ घालून पाहिली. दार ढिम्म हलेना. मग तिची नजर चौकटीवर गेली. वरची पट्टी दबून दाराच्या डोक्यावरच बसली होती. आणि तिच्या बरोबर वर, छतावर, डोलकाठी उभी होती.

भिंगरीच्या लक्षात आलं. तारा लांब होतच नव्हत्या. डोलकाठी खाली खचत होती, म्हणून त्या सैल पडत होत्या. काका त्या आवळून डोलकाठीला आणखी खाली दाबत होते. हे सांगितलं तर आजची फेरी बोंबलली. दार जुनं आहे, फुगलं असेल, असं म्हणून गप्प बसावं, असं क्षणभर तिला अगदी मनापासून वाटलं. मग ती वर धावली.

"काका, तारा सैल करा. बोका सुटेल."

"दाराचा आणि तारांचा काय संबंध?"

"नाही उघडलं, तर घरी जाईपर्यंत मी एक शब्द बोलणार नाही."

एवढ्या शांततेचा मोह काकांना आवरला नाही. त्यांनी पेच उलटे फिरवले. खाली लाकूड करकरलं, दार आपसूक उघडलं आणि घामाघूम बोका बाहेर आला.

काकांनी खाली येऊन छताची फळी काढली आणि डोलकाठीखालच्या तुळईत स्क्रूड्रायव्हर टोचला. तो मुठीपर्यंत आत गेला. डोलकाठीच्या बुडातून पाणी झिरपून तुळई पार कुजली होती.

"काखेत कळसा," पंडित पुटपुटला.

"बोल, बोल. आज ऐकून घेतो," काका म्हणाले. "भर वाऱ्यात ही काठी आपल्या डोक्यावर आली असती. तिला खाली ढकलत होतो मीच. पोरी, मानलं तुला."

भिंगरीला शाबासकी ऐकूच आली नाही. ती धक्क्यावर बसून हमसून हमसून रडत होती. काकू शेजारी येऊन बसली.

"फेरी बुडाली म्हणून रडतेस?"

"हो."

"रड मग पोटभर," काकू तिला जवळ घेत म्हणाली. "तू बोलली नसतीस, तर आज मला रडावं लागलं असतं."