जोडीतला एक

दिल्लीत करोल बागेत त्या शनिवारी मी गेलो होतो ते फक्त बाईकच्या चेनला मारायच्या तेलाचा एक डबा आणायला. गुरुग्रामहून मेट्रोने जायला तास लागतो आणि तो डबा घरबसल्या मागवता आला असता, हे माझ्या बायकोने, सुखदाने, मला दोनदा सांगितलं. पण नवी बाईक घेऊन सोळा दिवस झालेल्या माणसाला असलं काही सांगून उपयोग नसतो. त्याला त्या बाईकच्या सामानाच्या गल्लीत जायचंच असतं. दुकानांबाहेर टांगलेली हेल्मेटं बघायची असतात, आणि कोणीतरी 'कौनसी गाडी है?' असं विचारायची वाट बघायची असते.

एकोणीस वर्षांचा होतो तेव्हा पुण्यात, कर्वे रस्त्यावर, सिग्नलला माझ्या बाबांच्या स्कूटरशेजारी एक मोठी बाईक येऊन थांबली होती. लाल. पुढे झुकलेली, जनावर उडी मारायच्या आधी दबतं तशी. सिग्नल सुटला आणि ती गेली, आणि स्कूटर तिथेच बंद पडली. मग नोकरी, गुरुग्राम, फ्लॅटचे हप्ते, मुलीची शाळा. बाईक मागे मागे जात राहिली. शेवटी एक्केचाळीसाव्या वर्षी सुखदाच म्हणाली, "प्रसन्न, आता नाही घेतलीस तर म्हातारपणी माझं डोकं खाशील. घे."

घेतली. चार सिलिंडरची, लाल. आमच्या सोसायटीच्या तळघरात ती उभी असायची आणि मी रात्री कचरा टाकायच्या निमित्ताने तिला बघून यायचो. इंजिन सुरू केलं की आधी ते घशातल्या घशात गुरगुरायचं, आणि मोकळ्या रस्त्यावर वेग वाढत गेला की एका क्षणी त्याचा सूर बदलून असा वर चढायचा की माझ्या छातीत काहीतरी सैल व्हायचं. दर रविवारी पहाटे उठून मी फरिदाबादच्या रस्त्याला जायचो. दोन्ही बाजूंना अरवलीच्या टेकड्या, कीकराची काटेरी झुडपं, रस्ता जवळजवळ रिकामा. हेल्मेटच्या आत मी एकटाच हसत असायचो.

तर त्या दुकानात तेलाच्या डब्याशेजारी काचेखाली एक इंटरकॉम दिसला. हेल्मेटच्या बाजूला बसवायचं काडेपेटीएवढं यंत्र. ही यंत्रं जोडीने विकतात. दोन चालक दोन बाईकवर असले तरी एकमेकांशी बोलू शकतात, फक्त अर्ध्या-एक किलोमीटरच्या आत हवेत. दुसरं यंत्र जवळ आलं की कानात बारीक 'टुक' होतं आणि जोडणी आपोआप लागते. इथे मात्र एकच होतं.

"जोड़ी का एक है," दुकानदार म्हणाला. "दूसरा नहीं रहा. फोन से चलेगा, मैप से चलेगा."

फोन आणि नकाशा, मला तेवढंच हवं होतं. चालवताना फोन लागत नाही म्हणून सुखदा काळजी करायची. मी ते घेतलं.

दुसऱ्या दिवशी धुकं होतं. आमच्याकडे जानेवारीत असतं तसं, पांढरं नाही, राखाडी, धुराचा वास असलेलं. सात वाजून गेले होते, उजेड होता, पण पन्नास पावलांपलीकडे रस्ता पुसून टाकल्यासारखा. मी सावकाश चाललो होतो. टेकड्यांच्या मधला उतार लागला आणि कानात 'टुक' झालं.

मला वाटलं सुखदाचा फोन. मी "हं, बोल," म्हणालो.

खरखर होती. त्या खरखरीत खूप लांबून, विहिरीच्या तळातून यावा तसा एक आवाज. एकच शब्द.

"दादा..."

मग पुन्हा 'टुक', आणि शांत.

दिल्लीच्या बाहेर, हरियाणाच्या त्या रस्त्यावर, मराठी. मी स्वतःला समजावलं की फोनवर कुठला तरी व्हिडिओ सुरू झाला असेल. घरी येऊन बघितलं. फोन बंद पडला होता. थंडीत बॅटरी उतरते.

पुढच्या रविवारी मी फोन घरी ठेवून निघालो. कशासाठी, ते स्वतःलाही सांगितलं नाही. त्याच उतारावर 'टुक' झालं. या वेळी खरखर कमी होती. मुलगा होता, सतरा-अठरा वर्षांचा असावा. दम लागलेला, पण बोलणं अदबीचं.

"दादा, थांब ना... दिसत नाहीयेस तू मला."

मी आरशात पाहिलं. धुकं. वेग कमी केला आणि पुन्हा पाहिलं. मागे दिवा नाही, इंजिनाचा आवाज नाही. "कोण आहे?" मी विचारलं. तो ऐकत असावा, कारण त्याचा श्वास क्षणभर थांबला. मग उतार संपला, रस्ता वळला आणि जोडणी तुटली.

सुखदाला मी सांगितलं. ती हसली नाही. आणखी कोणाचं तरी यंत्र जुळत असेल, कोणीतरी मराठी मुलगा त्या रस्त्याने येत असेल, असं ती म्हणाली. मलाही ते पटलं, कारण पटायला हवं होतं. बाईक सोडायची नव्हती मला. बावीस वर्षं वाट पाहिली होती.

तिसऱ्या रविवारी आवाज शेजारी बसून बोलावा इतका स्वच्छ आला.

"दादा, आता तुझा लाल दिवा दिसतोय."

माझा मागचा दिवा. म्हणजे तो पन्नास पावलांच्या आत होता. मी आरशात पाहिलं नाही. पाहू शकलो नाही. मूठ पिळली, इंजिनाचा तो सूर चढला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या सुराने मला बरं वाटलं नाही. धुक्यात काही दिसत नव्हतं आणि मी पळत होतो. कानात तो अगदी हळू, रडवेला होऊन म्हणत होता, "का पण... का पळतोस..."

समोर धुक्यातून उसाने भरलेली ट्रॉली निघाली. दिवे नसलेली, रस्त्याच्या मध्ये उभी. मी कसा वाचलो, मला सांगता येणार नाही. बाईक मातीत उतरली, घसरली आणि झुडपाला टेकून थांबली. मी तिथेच खाली बसलो. हेल्मेट काढून लांब ठेवलं. त्यातून बराच वेळ बारीक खरखर येत होती.

त्याच दुपारी मी करोल बागेत गेलो. दुकानदाराने आठवून सांगितलं की मागच्याच गल्लीत एक मराठी आंटी राहतात, दोन मुलांचं सामान होतं, त्यातलं हे त्यांनी विकायला दिलं. एक मुलगा परदेशात. दुसरा गेला.

दुसऱ्या मजल्यावर घर होतं. दार उघडलं ते प्रभाकाकूंनी. साठी उलटलेल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या, तीन पिढ्या दिल्लीत काढलेल्या घरातल्या. एकट्याच राहत होत्या. मी पुण्याचा म्हटल्यावर त्यांनी आत बोलावलं, चहा ठेवला. भिंतीवर दोन मुलांचा फोटो होता, दोघांच्या मध्ये एक बाईक. थोरला अंकुर, धाकटा मानस. पाच वर्षांपूर्वी धुक्यात, त्याच फरिदाबादच्या रस्त्याला, दोघे निघाले होते. अंकुर पुढे, मानस मागे. मानस इंटरकॉमवरून थांब म्हणत होता आणि अंकुरला वाटलं, नेहमीसारखी मस्करी करतोय. ट्रकवाल्याला मानस दिसलाच नाही. त्याच्या हेल्मेटवरचं यंत्र सापडलं नाही. अंकुर सहा महिन्यांत कॅनडाला गेला, त्यानंतर दुचाकीवर बसला नाही.

हे ऐकल्यावर मी माझं सांगायला नको होतं. पण सांगितलं. काकूंनी चहाचा कप खाली ठेवला.

"काय म्हणतो तो? नेमके शब्द सांगा."

"'दादा, थांब ना,' म्हणतो."

आता रडतील असं वाटलं, पण रडल्या नाहीत. शाल सारखी केली आणि विचारलं, "तुमच्या गाडीवर मागे बसता येतं का?"

मी नाही म्हणायला हवं होतं. मागची सीट पोळपाटाएवढी, त्यांचं वय, ते धुकं. मी हे सगळं बोललो. त्यांनी ऐकून घेतलं आणि येत्या रविवारी किती वाजता, एवढंच विचारलं. एका आईला तिच्या मुलाचा आवाज मी कसा नाकारणार होतो?

रविवारी सकाळी सहाला मी त्यांच्या दारात होतो. त्या सलवार-कमीज, दोन स्वेटर, वरून शाल आणि अंकुरचं जुनं हेल्मेट घालून खाली आल्या. यंत्र माझ्याकडून घेऊन त्यांनी स्वतःच हेल्मेटला अडकवलं. मुलांना करताना पाहिलं होतं, म्हणाल्या. म्हणजे या वेळी मला काहीच ऐकू येणार नव्हतं. जे यायचं ते त्यांच्या कानात.

जाताना त्या माझ्यापासून वीतभर अंतर ठेवून, मागच्या कडीला धरून बसल्या होत्या. शहर संपलं, धुकं दाट झालं. मी चाळीसच्या वर गेलो नाही. उतार लागला.

त्यांचा हात माझ्या खांद्यावर आला. बोटं रुतली.

"काकू... येतोय का?"

वाऱ्यात त्यांचं बोलणं मला तुटक ऐकू येत होतं. "हो... हो रे... नाही, जात नाही कुठे..." मग त्यांनी माझ्या खांद्यावर दोनदा थोपटलं. "गाडी बाजूला घ्या."

"इथे नको, काकू."

"घ्या."

मी थांबलो, दिवे चालू ठेवून इंजिन बंद केलं. ती शांतता मी विसरणार नाही. गरम इंजिन निवताना टिक टिक करत होतं आणि लांब कुठेतरी एक मोर ओरडून गप्प झाला. काकू खाली उतरल्या, रस्त्याच्या कडेने चार पावलं मागे गेल्या आणि धुक्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"थांबलोय आम्ही," त्या म्हणाल्या. आवाज शाळेतला, वर्गातल्या घाबरलेल्या पोराशी बोलताना असेल तसा. "सावकाश ये. घाई करू नकोस... हं... अजून थोडं."

मी वळून पाहत होतो. पळून जावंसं वाटत होतं, पण त्यांना तिथे टाकून कसा जाणार? धुक्यात काही नव्हतं. दिवा नाही, आवाज नाही. फक्त ओल्या मातीचा आणि जळक्या रबराचा वास आला, आणि एकाएकी माझे दात वाजायला लागले.

काकूंनी हेल्मेटची काच वर केली. शालीचं टोक हातात घेतलं आणि आपल्या खांद्याच्या थोडं वर, हवेत, काहीतरी पुसलं. एकदा. पुन्हा एकदा. पोराच्या चेहऱ्यावरची धूळ पुसावी तसं.

"चला," त्या मला म्हणाल्या.

येताना त्या माझ्या पाठीला अगदी चिकटून बसल्या. मागे कोणाला तरी जागा करून द्यावी तशा. बाईक जड चालत होती. दुसऱ्या गियरमध्ये जायला कुरकुरत होती, वळणावर मागून ओढत होती. मी आरसे बाहेरच्या बाजूला वळवून टाकले.

करोल बागेत ऊन पडलं होतं. दुधाचे क्रेट उतरत होते, शटरं वर जात होती. त्या साध्या आवाजांनी मला रडू आलं. काकू उतरल्या, यंत्र काढून माझ्या हातात दिलं. आता यात कोणी बोलणार नाही, म्हणाल्या. आणि खरं सांगतो, त्यानंतर कधी कोणी बोललं नाही. मी अजून त्या रस्त्याने जातो. धुक्यातसुद्धा.

पण त्या वेळी मी म्हणालो, "काकू, मानस भेटला तुम्हाला. बरं झालं."

त्या हेल्मेटची पट्टी सोडत होत्या. "तो मानस नव्हता."

त्यांनी मान वर केली. "माझी मुलं दिल्लीत वाढलेली. मानस अंकुरला भैया म्हणायचा. जन्मात कधी दादा म्हणाला नाही. तुम्ही त्या दिवशी सांगितलंत, तेव्हाच मला कळलं."

"मग तुम्ही... मग तो कोण होता?"

"विचारलं नाही."

"आणि तरी त्याला ये म्हणालात?"

"माझ्या पोरासाठी कोणी थांबलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "कोणाचं तरी आहे. किती दिवस ओरडत होतं."

माझ्या गालाला हात लावून त्या जिन्याकडे वळल्या. मी बाईकला टेकून बघत होतो. पहिल्या वळणावर त्या थांबल्या. मला वाटलं, दम लागला. पण त्या भिंतीला पाठ लावून बाजूला झाल्या, अरुंद जिन्यात आपण कोणाला पुढे जाऊ देतो तशा, आणि एक माणूस शेजारून जायला लागेल तेवढाच वेळ तशाच उभ्या राहिल्या.

मग दुसऱ्या मजल्यावर दाराचं कुलूप उघडल्याचा आवाज आला.

काकू अजून वळणावरच होत्या. किल्ली त्यांच्या हातात होती.