राळ्याची पेज

मागच्या हिवाळ्यात, दहाव्या महिन्यातल्या अमावस्येच्या रात्री, लुआन देशान धाकट्या भावाला म्हणाला, "किटली घे. पेज सांडू नकोस."

एवढंच काम. पेज न्यायची, ओतायची, परत यायचं. धाकटा माझ्याशी बुद्धिबळ खेळतो; त्याने सांगितलं तेच सांगतो. दार लोटून घे गं, वारा येतोय.

तुम्ही शहरात शिकणारी पोरं, म्हणून सांगावं लागतं. माणूस गेलं की घरच्यांनी भूमीआजोबांच्या, म्हणजे गावाची जमीन राखणाऱ्या देवाच्या, देवळीपाशी जायचं, राळ्याची पेज ओतायची आणि गेलेल्याचं नाव सांगायचं. नाव पोचलं नाही तर मेलेल्याला पुढची वाट उघडत नाही.

पण देवळी होती कुठे? देशान गावातल्या पक्षाचा सचिव. वसंतात त्यानेच ती पाडली. कोंबड्यांच्या खुराड्याएवढी देवळी, तिला या बहाद्दराने बुलडोझर मागवला! शिवाय त्याच्यापुढे उभा राहून फोटो काढून घेतला. त्या जागी काचेची पेटी उभारली. आत दिवा, घोषणा, मधोमध साहेबांचा स्वतःचाच रंगीत फोटो. कुलपाची किल्ली साहेबांच्याच खिशात.

उन्हाळ्यात म्हातारा दोंग वारला. त्याचा मुलगा तिथे पेज घेऊन आला, तर देशानने किटलीला लाथ घातली. "मेलेल्यांची नोंद माझ्या ऑफिसात होते! रांगेत उभं राहायचं!" किटली चेपली, गटारात गेली.

"मग नंतर कुणी गेलंच नाही, काका?"

कोण जाणार? माणसं मरत होती. पेज कुणी ओतत नव्हतं.

आणि देशानची आई गेली. शेवटी एवढंच म्हणाली, "देशान, मला वाटेत ठेवू नकोस रे." मग साहेबांना देव आठवला. दुपारी शोकसभेत विज्ञानावर भाषण ठोकलं, आणि रात्री टोपी डोळ्यांवर ओढून, मास्क लावून निघाला. भीती एकच, कुणी बघेल.

पेटीपाशी पोचले. आतला दिवा बंद. देशान गुडघ्यांवर बसला. धाकट्याने पेज ओतली.

"दादा, आईचं नाव घे."

देशानने तोंड उघडलं, आणि पेटीतला दिवा लागला. आपोआप.

समोर त्याचाच फोटो. हसरा. साहेब स्वतःच्याच पाया पडत होते.

"विझव! कुणी बघेल!"

"दादा... नाव घे आधी."

मागे कुणी तरी खोकलं.

धाकट्याने तो खोकला ओळखला. म्हातारा दोंग असाच खोकायचा. मग पावलं घासल्याचा आवाज. एकाची नाहीत... पुष्कळांची. एकामागे एक. थांबलेली.

आणि पार शेवटून, लांबून...

"देशान... रांग सरकत नाही रे."

धाकटा हात जोडून म्हणाला, "दादा, आई आहे ती. नुसतं नाव घे."

देशानने रस्त्याकडे पाहिलं. दूर एका घराची खिडकी उजळली होती.

तो पळाला.

नाव घेतलंच नाही. आईचं नाव! धाकट्याने घ्यायचा प्रयत्न केला... घशातून आवाज निघेना.

"मग?"

मग काही नाही. सकाळी देशान किल्ली घेऊन दिवा बंद करायला गेला. कुलूप होतं तसं होतं. काच शाबूत.

आत, त्याच्या फोटोपुढे, दोंगची चेपलेली किटली.

तोटीतून वाफ येत होती.